छत्तीस चिंचोके

सासूबाईंनी पुरातून स्वतःच्या हातानं दोनच गोष्टी आणल्या: देवांचा डबा आणि चिंचोक्यांची बरणी. बाकीचं तुम्ही बघा म्हणाल्या. ऑगस्ट २०१९. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं, तसा आम्ही विश्रामबागेत धाकट्या भाऊजींच्या फ्लॅटवर मुक्काम हलवला. पुढे आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. लाइट नाही, मोबाइल बंद, कुणाला दुधाची पिशवी मिळाली तर ती बातमी. तिसऱ्या दिवशी पुतण्यानं कुठून तरी पत्त्यांचा कॅट काढला. आम्ही रमीच्या तयारीत बसलो, तर म्हणाला, "काकू, रमी काय नेहमीचीच. पोकर शिकवतो की." लावायला काय, तर बरणीतले चिंचोके.

शिकायला वेळ लागला नाही. प्रत्येकाला दोन पानं झाकून. मग मधे तीन पानं उघडी, मग एक, मग शेवटचं एक. दर टप्प्याला लावायचं, वाढवायचं नाही तर पॅक व्हायचं. हातातली आणि मधली मिळून सातांतली चांगली पाच ज्याची, डाव त्याचा. तीन पानीपेक्षा संथ आणि रमीपेक्षा चोरटा खेळ. पाणी उतरलं, घरातला चिखल निघाला, भिंतीवरची पुराची रेघ रंगाखाली गेली. शनिवारचा डाव मात्र राहिला.

आम्ही पाच जण: मी, हे, भाऊजी, जाऊबाई आणि पुतण्या. सासूबाई पलंगावरून बघतात आणि धर्मराजाची आठवण काढतात. एक चिंचोका म्हणजे एक रुपया. प्रत्येकानं शंभर घेऊन बसायचं, संपले तर आणखी शंभर, तिसऱ्यांदा मिळत नाहीत. पाळी येईल तसा एकानं न बघता एक चिंचोका टाकायचा आणि पुढच्यानं दोन. घरात खेळतो, त्यामुळे नाल, म्हणजे अड्डेवाल्याचा वाटा, कोणी काढत नाही. पहिल्या डावातले पाच रुपये भडंगाचे, एवढीच काय ती नाल.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. वीस वर्षं झाली. त्यामुळे शनिवारची वही माझ्याकडे आली यात नवल नाही. पहिली दोन वर्षं नुसतं कुणाचे किती गेले, किती आले. मग माझ्यापुरता एक रकाना वाढवला, रात्री दहा वाजता माझ्यासमोर किती होते त्याचा. आणि गेल्या दिवाळीनंतर आणखी एक. त्याच्या डोक्यावर फक्त 'का' असं लिहिलंय.

हा रकाना आला, कारण दिवाळीनंतर मी ओळीनं सहा शनिवार हरले.

सहा शनिवार हरणं म्हणजे काय हे घरातल्या माणसांबरोबर खेळणाऱ्यालाच कळेल. पहिल्या दोन वेळी चेष्टा होते. तिसऱ्या वेळी सल्ले येतात. चौथ्या शनिवारी हे म्हणाले, जागा बदल, पंख्याखाली बस. जाऊबाईंनी नवा कॅट आणला. सासूबाईंनी साडेसातीचं नाव काढलं. भाऊजींनी सगळ्यात वाईट केलं, त्यांनी दया केली. "वहिनी, आज राहू द्या, नुसतं बघा." त्या 'नुसतं बघा'नं मला जितका राग आला तितका पैसे गेल्याचा आला नव्हता. मी खेळायची तऱ्हा बदलून पाहिली. एका शनिवारी फक्त मोठी जोडी आली तरच खेळायचं ठरवलं आणि रात्रभर भडंग खाल्लं. पुढच्या शनिवारी त्याचा वचपा म्हणून आलेलं प्रत्येक पान खेळले. दोन्ही वेळा हरले, तेव्हा वाटायला लागलं की पत्त्यांना माझी ओळख पटली आहे.

सहाव्या शनिवारनंतर पुतण्या चहा पिता पिता म्हणाला, "काकू, सहा शनिवार म्हणजे किती डाव ओ?"

मी वही बघितली. एका रात्रीत साधारण ६० डाव होतात. म्हणजे ३६०.

"मी ॲपवर एका टेबलाला तासाला साठ डाव खेळायचो. चार टेबलं उघडी. तुमचे सहा शनिवार म्हणजे माझा दीड तास."

मी कप खाली ठेवला. माझी दीड महिन्याची साडेसाती त्याच्या जेवणाआधीच्या वेळात मावत होती. दीड तास पानं आली नाहीत म्हणून कुणी पंख्याखाली जाऊन बसतं का? पण आम्हाला साडेसाती दीड तासात भोगायला मिळत नाही. शनिवारी हरायचं, मग रविवारी जाऊबाईंचा फोन, सोमवारी यार्डात जाताना स्कूटरवर तोच डाव डोक्यात, पुढचे पाच दिवस ते मुरायचं आणि शनिवारी तेवढं आंबट झालेलं मन घेऊन पुन्हा बसायचं. पानं विसरलेली असतात. मी विसरलेली नसते.

(पुतण्याला हे सगळं गणित येत होतं म्हणून तो ॲपवर जिंकत होता असं कुणी समजू नये. किती गेले तो आकडा त्यानं आईला सांगितला नाही, मला सांगितला, आणि मी तो इथे लिहिणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा घरात हळहळ फक्त त्याला झाली. तेव्हापासून तो शनिवारी जास्त मन लावून बसतो.)

त्या रात्री मी एक साधा हिशेब मांडला, जो मी सहा वर्षांत मांडला नव्हता. समजा, मला रात्रभर एकही धड पान आलं नाही आणि मी सगळे साठही डाव पॅक केले, तर माझे जातील किती? पाच जणांत पाच डावांची एक फेरी. एका फेरीत माझ्या पाळीचे एक आणि दोन, मिळून तीन चिंचोके न बघता जातात. साठ डावांच्या बारा फेऱ्या. बारा त्रिक छत्तीस.

छत्तीस रुपये. नुसती पानं न येण्याची याहून जास्त किंमत होऊच शकत नाही. आणि त्या सहा शनिवारांत माझे कधी १२०, कधी १६०, एकदा पुरते २०० गेले होते. वरचे सगळे कुणी नेले?

सगळेच मी घालवले असंही नाही. चांगली पानं हरतात, आणि ते छत्तीसच्या हिशेबात बसत नाही. दोन एक्के हातात येण्याचा योग २२१ डावांत एकदा, म्हणजे आमच्या वेगानं तीन-चार शनिवारांतून एकदा. समोर एकच भिडू असेल तर हे एक्के शंभरात ८५ वेळा जिंकतात. पण आमच्या टेबलावर एकच भिडू कधी असतो? दोन रुपयांसाठी कोण पॅक होतंय, म्हणून सगळे मधली पानं बघायला थांबतात. समोर चार जण असले की तेच एक्के शंभरात छप्पन वेळा जिंकतात. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा वाजतगाजत हरायचं असतं. कमी पैशांच्या खेळात चांगल्या पानांचा एवढा अपमान होतो तो नशिबानं नाही, गर्दीनं होतो. आणि दोन वेगवेगळी पानं हातात असतील तर पहिल्या तीन उघड्या पानांत त्यांतल्या एकाची तरी जोडी लागण्याचा योग तीनात एक. ओळीनं दहा वेळा काहीच न लागणं पन्नासात एकदा घडतं. तुम्ही शनिवारमागून शनिवार बसताय, तर हे कधीतरी तुमच्याच वाट्याला येणार.

पाचव्या शनिवारचा एक डाव मात्र मला पान-न्-पान आठवतो. माझ्याकडे इस्पिकचा आणि किलवरचा एक्का. मी आठ चिंचोके लावले. चौघेही थांबले, अर्थात. मधे चाळीस. उघडली बदाम नव्वी, बदाम चव्वी, चौकट राणी. मी पंचवीस लावले. तिघे पॅक झाले, भाऊजींनी काही न बोलता पंचवीस मोजले. चौथं पान किलवरची दुर्री, कुणाच्या कामाची नाही. मी चाळीस लावले. भाऊजींनी डावा हात गुडघ्यावर पुसला आणि चाळीस दिले. शेवटचं पान बदाम छक्की.

भाऊजी पुढे झाले. माझ्यासमोर राहिलेले सत्तावीस त्यांनी नजरेनं मोजले आणि तेवढेच सारले.

आता भाऊजी म्हणजे कोण? लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना ओळखते. ते थाप मारत नाहीत. पत्त्यांत नाही आणि एरवीही नाही. रिक्षावाल्यानं पाच रुपये कमी घेतले तर परत बोलावून देणारा माणूस. तीन बदाम खाली पडल्यावर त्या माणसानं चिंचोके पुढे सारले, तर त्याच्या हातात दोन बदाम आहेत, म्हणजे एका रंगाची पाच पानं झाली आणि ती एक्क्यांच्या जोडीला भारी, हे शाळकरी पोराला कळेल. मलाही कळलं. मधे एकशे सत्तर होते, त्यात त्यांचे सत्तावीस, आणि कागदावर सत्तावीस देऊन बघणं काही चूक नव्हतं. समोर दुसरं कुणी असतं तर. मी दिले. त्यांनी बदाम राजा आणि बदाम सत्ती उलटली, आणि वर म्हणाले, "सॉरी वहिनी."

सुरुवातीचे त्र्याहत्तर पानांनी नेले, त्याला माझी तक्रार नाही. तीन पानं उघडली तेव्हा भाऊजींना बदाम लागण्याचा योग तीनात एकापेक्षा थोडा वरच होता, तो लागला. सत्तावीस माझे. आणि नंतरचे शंभरही माझे, कारण ते 'सॉरी' ऐकून मी दुसरे शंभर घेतले आणि वीस मिनिटांत भाऊजींच्याच समोर ओतले. इतर तिघं खेळतायत हे मला दिसतच नव्हतं. भाऊजी ज्या डावात, त्या डावात मी. पुतण्याच्या ॲपवर याला टिल्ट म्हणायचे. पिनबॉलचं यंत्र कुणी रागानं हलवलं की ते बंद पडायचं, तिथून आलेला शब्द आहे म्हणे. आपल्याकडे इरेला पेटणं म्हणतात आणि ते यंत्राला होत नाही.

मला स्वतःला ते कळलं नसतं. सासूबाईंना कळलं. एरवी मी समोरचे चिंचोके पाच-पाचाच्या ढिगाऱ्यांत लावते, यार्डातली सवय, तपकिरी चकचकीत बाजू वर. त्या रात्री दुसरे शंभर घेतल्यावर मी ते लावलेच नाहीत. नुसती रास, आणि लावताना मूठ. "मोजत नाहीयेस तू," त्या पलंगावरून म्हणाल्या. खरंच, बारा लावायच्या जागी मी पंधरा टाकले होते आणि कुणी परत दिले नव्हते.

आता नियम एवढाच आहे: ढिगारे लावता येईनात की उठायचं आणि चहा टाकायचा. दुधाला उकळी येईपर्यंत दोन डाव जातात.

हरताना खेळ कसा बदलायचा याचं उत्तर मात्र मला पानांत सापडलं नाही, समोरच्यांच्या तोंडावर सापडलं. हरणारीची थाप कुणी खपवून घेत नाही. माझ्यासमोर तीस उरलेत आणि मी वीस लावले, तर जाऊबाईसुद्धा "दाखवा बघू" म्हणून वीस देतात. त्यांच्या मते मी पिसाळलेली असते. मग थाप कशाला मारायची? त्याच वेळी खरी पानं आली तर जास्त लावायचे, कारण तेही कुणी खरं मानत नाही आणि मुकाट पैसे देतात. हे मी सातव्या शनिवारी करून पाहिलं. दोन तास गप्प बसले, पडेल चेहऱ्यानं. चेहरा मुद्दाम पाडावा लागला नाही. मग राण्यांची जोडी आली, मधे आणखी एक राणी उघडली आणि मी लावत गेले. तिघांनी शेवटपर्यंत पैसे भरले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढं होतं तर बोलायचं की!"

प्रत्येकाचं हरणं वेगळं असतं हेही वहीनं दाखवलं. पुतण्या हरायला लागला की भराभर लावतो, पान पडायच्या आत हात चिंचोक्यांवर. त्याच्यासमोर आपली नुसती बरी जोडी असली तरी पॅक होऊ नये. हे हरायला लागले की गोगलगाय. तासभर शंखात. म्हणून हरत असलेल्या यांनी अचानक पंधरा लावले तर मी राजांची जोडीसुद्धा सोडून द्यायचा विचार करते. भाऊजी हरोत की जिंकोत, सारखेच. जाऊबाईंचं जिंकणं बघण्यासारखं असतं. दीडशे झाले की त्या चिंचोके भडंगाच्या वाटीमागे सरकवतात, पानं न बघता पॅक होतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. तेव्हा त्यांच्या पाळीचे एक-दोन चिंचोके कुणीही उचलावेत.

इथपर्यंत ठीक होतं. जानेवारीत मी बसून सगळी वही उलटी तपासली. दहा वाजता समोर किती आणि उठताना किती, हे दोन रकाने शेजारी ठेवून. माझी अपेक्षा होती की मोठे आकडे त्या शनिवारी गेले असतील जेव्हा दहा वाजताच मी खड्ड्यात होते. तसे थोडे होते. पण दहानंतर सगळ्यात जास्त ओघळ लागलेल्या रात्री निराळ्याच निघाल्या. दहाला १९०, उठताना ६०. दहाला २१०, उठताना ९५. शंभरातले थोडेच गेले म्हणून त्या रात्री हरल्यासारखं कधी वाटलंच नव्हतं. 'आज थोडक्यात सुटले' असं म्हणून मी गाडीवर बसले होते.

मी दोनदा बेरीज केली. हिशेबात दुसऱ्याची चूक सापडली तर बरं वाटतं, इथे सगळं अक्षर माझंच होतं.

जिंकताना मी काय करते ते मग पुढचे काही शनिवार मुद्दाम बघितलं. सुरुवात चांगली असते. ढिगारा मोठा असला की माझी थाप खपते, लोक बिचकतात, दोन-तीन डाव पानांशिवाय मिळतात. जिंकताना जरा पुढे होऊन खेळावं हे खरंच आहे, भिडू मागे सरत असताना आपण का बसून राहायचं? पण तिसऱ्या थापेनंतर मला वाटायला लागतं की डाव मी मिळवला तो पानांमुळेच. मग गुलाम-तिर्री खेळते. वेगवेगळ्या रंगांची. एरवी जी पानं मी बोटानंसुद्धा उचलणार नाही ती 'बघू तरी' म्हणून ठेवते, कारण समोरचे चिंचोके अजून माझे झालेले नसतात. ते भाऊजींचे, पुतण्याचे, आत्ता आलेले, चिल्लर. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या दोघांनी १९९० सालीच दाखवून ठेवलंय की नुकत्याच जिंकलेल्या पैशांशी माणूस जास्त धाडस करतो, आणि हरलेला माणूस बरोबरीला आणणारी संधी दिसली की तिच्यावर झडप घालतो. मला त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचं कारण नव्हतं. यार्डात रोज हेच बघते.

भाव पडले की हळदवाला शहाणा असतो. माल ठेवतो. हरिपूरला जमिनीखाली पेवं आहेत, पूर्वी लोक हळद पेवात घालून वर माती लिंपून वर्षवर्ष विसरून जायचे. २००५ च्या पुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं तेव्हा मोठं नुकसान झालं, पण पडत्या भावाला पेव हे उत्तर होतं. पत्त्यांतलं पॅक म्हणजे तेच. गंमत भाव चढल्यावर होते. एरवी घासाघीस करणारा शेतकरी चढत्या बाजारात सौद्याला येतो आणि न विकता परत जातो. उद्या आणखी चढेल. वर त्या न मिळालेल्या पैशांवर ट्रॅक्टरचा ॲडव्हान्स देऊन येतो. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून असे किती जण चहा पिऊन गेले. मी त्यांना मनातल्या मनात हसले आहे. वही तपासल्यावर कमी हसते.

आम्ही सांगलीकर पावसाळ्यात रोज सकाळी आयर्विनचा आकडा बघतो. ४० फूट इशारा, ४५ धोका. मी तेच घेतलं. शंभराच्या वर चाळीस चढले की मनात म्हणायचं, इशारा पातळी. पंचेचाळीसला धोका. त्या वेळी उठायचं नाही, पण एक गोष्ट करायची: हातात आलेली दोन पानं शंभरच चिंचोके समोर असताना मी खेळले असते का, एवढं विचारायचं. यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पूर उतरताना कोण मोजतं, सगळे चढतानाच मोजतात, हे तुला आत्ता कळलं?" हे स्वतः मात्र काही मोजत नाहीत.

गेल्या शनिवारी पानं चांगली येत होती. सव्वानऊला माझ्यासमोर १४३. अठ्ठावीस ढिगारे आणि तीन सुटे, त्यातला एक फुटका, पांढरा गर दिसणारा, जो सहा वर्षं सगळ्यांच्या हातातून फिरतोय. जाऊबाई वाटीमागे सरकल्या होत्या. पुतण्या हरत होता आणि दोन रुपयांच्या जागी सहा लावत होता. भाऊजींनी पानं पिसली, यांनी काटली.

मी माझी दोन उचलली. चौकट गुलाम. किलवर तिर्री.

पुतण्यानं पान न बघताच सहा सारले. "बोला काकू."

सासूबाई पलंगावर उठून बसल्या. मी हात भडंगाच्या वाटीकडे नेला, दोन दाणे तोंडात टाकले, आणि मग तोच हात फुटक्या चिंचोक्यावर जाऊन थांबला.